बोटं हलत नसतील तर कीबोर्ड कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपच्या एका ताईंचे मिस्टर, वय 36, पतपेढीत क्लार्क. दोन वर्षांपूर्वी दहीहंडीच्या थरावरून पडले आणि मानेच्या मणक्याला मार लागला. डिस्चार्ज कार्डावर ‘सी-6’ लिहिलंय, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीची दुखापत. खांदे हलतात, कोपर वाकतो, मनगट वर उचलता येतं, पण दोन्ही हातांची बोटं हलत नाहीत. पतपेढीचे सेक्रेटरी म्हणतात, घरून व्हाउचर आणि पत्रं करून देत असाल तर काम चालू ठेवू. भाच्याने इंटरनेटवर एका हाताने चालवायचा परदेशी कीबोर्ड शोधलाय, त्याची किंमत मिस्टरांच्या तीन पगारांएवढी आहे. घ्यावा का?

ताई, घेऊ नका. भाच्याने मनापासून शोधलाय, त्याला नाउमेद करू नका, पण तो कीबोर्ड तुमच्या मिस्टरांसाठी नाही.

‘हाताचा त्रास असलेल्यांसाठी कीबोर्ड’ असं शोधलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच यादीत समोर येतात. एक हात गेलाय पण दुसऱ्या हाताची पाचही बोटं धड आहेत, अशा माणसासाठी केलेले कीबोर्ड एक. मॅलट्रॉनचा एकहाती कीबोर्ड त्यातला. त्याचा पृष्ठभाग वाडग्यासारखा खोलगट असतो, म्हणजे एकाच हाताची बोटं सगळीकडे पोचतात. ट्विडलरही त्यातलाच, तो मुठीत धरायचा आणि दोन-तीन बटणं एकदम दाबून एक अक्षर उमटवायचं. हे सगळे बोटांच्या वेगवेगळ्या हालचालींवर चालतात. तुमच्या मिस्टरांना हात दोन आहेत, बोटं एकही चालत नाही. त्यांना हवंय ते बोटांशिवाय टाइप करण्याचं साधन, आणि ते निम्मं त्यांच्या मनगटात आधीच आहे.

मुंबईत बावीस वर्षं मी ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवण्याचं काम करतेय. सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक सांगते, कारण ती चूक तुमच्याही दारात उभी आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या एका मुलासाठी देणगीतून मोठ्या बटणांचा रंगीत कीबोर्ड मागवला होता. शिफारस माझी होती. बटणं मोठी, म्हणजे सोपं जाईल, एवढाच विचार मी केला. कीबोर्ड आला तेव्हा कळलं, मुलाचा हात एका वहीच्या पानाएवढ्या जागेतच फिरतो. त्या जागेत तो अचूक होता, पण कीबोर्डाच्या दोन्ही टोकांना हात पोचेना. त्याला लहान, आटोपशीर कीबोर्ड हवा होता. तेव्हापासून मी आधी हात बघते. हात लांब जातो पण नेम चुकतो, तर मोठी बटणं. नेम बरोबर पण हात लांब जात नाही, तर छोटा कीबोर्ड. उलटं केलं की पैसेही जातात आणि माणसाचा हुरूपही जातो.

तुमच्या मिस्टरांचा हात असा बघा. साधारण दोन सेंटिमीटरच्या चौकटी आखलेला मोठा कागद टेबलावर चिकटवा. नेहमीच्या कीबोर्डावर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत 19 मिलिमीटर अंतर असतं, म्हणून ही चौकट जवळपास बटणाएवढीच होते. मिस्टरांना व्हीलचेअरवर नीट बसवा, पावलं टेकलेली, कोपर टेबलावर. हातात पेन्सिल बांधा, कशी ते पुढे सांगते. मग त्यांना एकेका चौकटीला टेकवायला सांगा आणि जिथे अंगाला झोल न देता, खांदा न उचलता टेकवता आलं तिथे खूण करा. आधी उजवा हात, मग दुसऱ्या रंगाने डावा. वीस मिनिटांनी पुन्हा तेच करा. दमल्यावरही जो भाग हाताखाली राहतो तेवढाच कीबोर्ड त्यांचा. ताजेपणी दोन शब्द कुणीही टाइप करतं. पतपेढीचं काम रोज तास-दोन तासांचं आहे.

आता पेन्सिल. ‘युनिव्हर्सल कफ’ नावाचा पट्टा मिळतो. तळहाताभोवती बसणारा, वेल्क्रोचा, आतल्या बाजूला एक छोटा खिसा असलेला. जेवणाचा चमचा त्यात अडकवत असाल तर तो घरात असेलच. त्या खिशात मागे रबर असलेली साधी पेन्सिल उलटी घाला, रबराचं टोक करंगळीच्या बाजूने खाली येऊ द्या. रबर बटणावरून घसरत नाही. हात उभ्या-आडव्याच्या मधोमध राहतो, आणि आपण कुठलं बटण दाबतोय ते दिसतं. अंगठ्याच्या बाजूने काढली तर मनगट पिळवटतं आणि हातानेच बटणं झाकली जातात. पेन्सिल किती बाहेर ठेवायची? टोक बटणावर टेकलेलं असताना हाताची कड कीबोर्डापासून चार बोटं वर राहील एवढी. त्याहून लांब ठेवली की टोक थरथरतं.

पट्टे दोन करून घ्या, खरं तर चार. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धुतलेला पट्टा दोन दिवस वाळत नाही, ओला पट्टा हाताला लावायचा नाही. त्यांना करंगळीकडच्या बाजूला स्पर्श कळत नसणार, म्हणजे पट्टा रुतला तरी ते सांगणार नाहीत. पहिला आठवडा दर वीस मिनिटांनी पट्टा काढून कातडी बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टा घट्ट आहे किंवा शिवण टोचतेय.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. सी-6 मध्ये मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, सोडलं की उघडतात. स्नायू चालत नसतानाही हे होतं, कारण बोटांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून ताणल्या जातात. याला ‘टेनोडेसिस’ म्हणतात. ग्लास धरणं, कागद उचलणं, आणि उद्या पट्ट्याशिवाय पेन पकडणं या ताणावरच होतं. घरातली माणसं प्रेमाने तेल लावून मालिश करतात आणि मनगट मागे दाबून बोटंही सरळ ताणतात. रोज असं केलं की तो ताण ढिला होतो आणि पकड कायमची जाते. तेल लावा, सांधे फिरवा. पण बोटं सरळ करताना मनगट खाली सोडलेलं, मनगट मागे नेताना बोटं मिटलेली. हे सासूबाईंना, मालिशवाल्याला, सगळ्यांना दाखवून ठेवा.

कीबोर्ड लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा यूएसबी कीबोर्ड घ्या, शक्यतो उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला, म्हणजे रुंदी कमी होते. बटणं फार कडक नकोत आणि लॅपटॉपसारखी अगदी चपटीही नकोत. दाबल्याचं कळलं पाहिजे, कारण बोटाला जे कळतं ते इथे पेन्सिलीतून कळायचंय. कीबोर्डाखाली ड्रॉवरमध्ये अंथरायची रबरी जाळी घाला, तो सरकणार नाही. मागची बाजू दोन पुस्तकांनी उचला. पेन्सिलीने टाइप करणाऱ्याला उतरता कीबोर्ड सपाटपेक्षा बरा, हात प्रत्येक वेळी हवेत उचलावा लागत नाही. लॅपटॉपच असेल तरी बाहेरचा कीबोर्ड लावा. लॅपटॉप वर उचलून डोळ्यांसमोर ठेवा, नाहीतर मान खाली राहील, आणि त्यांच्या मानेला तेच नको आहे.

आता खर्च न करता होणारं काम. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ उघडा. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि ‘यू’ एकत्र दाबलं की ते थेट उघडतं, जुन्या विंडोजमध्ये त्यालाच ‘ईझ ऑफ अ‍ॅक्सेस’ म्हणायचे. त्यात कीबोर्डवर जा आणि ‘स्टिकी कीज’ चालू करा. मग शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट ही बटणं दाबून धरावी लागत नाहीत. शिफ्ट एकदा दाबून सोडायचं, नंतर अक्षर दाबायचं. दोनदा दाबलं तर ते लॉक होतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. तिथेच एक खूण असते: दोन बटणं एकदम दाबली गेली तर स्टिकी कीज बंद कर. ती खूण काढून टाका. नाहीतर तुम्ही किंवा मुलांनी त्यांच्या कीबोर्डावर नेहमीसारखं काही टाइप केलं की सोय गपचूप बंद होते आणि ते बिचारे शिफ्ट दाबत बसतात.

त्याच पानावर ‘फिल्टर कीज’ आहे. पेन्सिलीचं टोक बटणावरून उचलायला वेळ लागला की ‘कककककक’ अशी रांग उमटते. ते थांबवायला फिल्टर कीजमध्ये अक्षर पुन्हापुन्हा उमटणं बंद करता येतं. तिथेच ‘स्लो कीज’ आहे, बटण ठराविक वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. हात जाता जाता भलत्याच बटणाला लागत असेल तर तिचा उपयोग. ‘बाउन्स कीज’ एकाच बटणाचे पाठोपाठचे धक्के गाळते, हाताला कंप असलेल्यांसाठी ती मोठी सोय आहे. तुमच्याकडे आधी फक्त पुनरावृत्ती बंद करून बघा. स्लो कीज गरज नसताना चालू केली तर घरातल्या बाकीच्यांना कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो आणि नवा आणायच्या गोष्टी सुरू होतात.

आता मराठीकडे येते. इंग्रजी माहितीत हे सापडणार नाही, आणि तुमचा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटला तोही याचसाठी. इंग्रजीत शिफ्ट लागतं वाक्याच्या पहिल्या अक्षराला. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या प्रमाणित मांडणीत ते शब्दाच्या मधोमध लागतं. क साधा, ख ला शिफ्ट. त साधा, थ ला शिफ्ट. प साधा, फ ला शिफ्ट. ण, ळ, श, ष, सगळ्यांना शिफ्ट. मात्रा साधी, पण सुटा स्वर आला की शिफ्ट. ‘भाऊ’ लिहायला भ ला एकदा आणि ऊ ला पुन्हा. ‘आई’ हा शब्द शिफ्ट, आ, शिफ्ट, ई असा चार दाबांचा. म्हणून इंग्रजीत स्टिकी कीज ही सोय असेल, पण मराठीत तिच्याशिवाय एका पेन्सिलीने पत्र लिहिणं शक्यच नाही.

पण याच इन्स्क्रिप्टची एक रचना तुमच्या मिस्टरांच्या कामी येणार आहे. 1991 सालच्या आयएस 13194 या भारतीय मानकात असलेली ही मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांसाठी एकच आहे. तिच्यात स्वर आणि मात्रा डावीकडे आहेत, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. आता दोन्ही हातांना एकेक पेन्सिल बांधा. ‘काका’ लिहायचंय: उजवी क, डावी काना, उजवी क, डावी काना. ‘पगारी’: उजवी प, उजवी ग, डावी काना, उजवी र, डावी दुसरी वेलांटी. एक पेन्सिल दाबत असते तेव्हा दुसरी पुढच्या जागेवर जाऊन थांबलेली असते. एकाच पेन्सिलीने तेच लिहिताना हात सारखा कीबोर्डभर आडवा फिरतो आणि खांदा भरून येतो. हलन्तही डावीकडेच आहे, म्हणून ‘पत्र’ मध्येही हीच लय राहते: प, त, डावीकडून हलन्त, उजवीकडून र. म, न, व ही तीन अक्षरं मात्र खालच्या रांगेत डावीकडच्या निम्म्यात आहेत. त्यातला व मधोमध असल्याने उजव्या पेन्सिलीला सहज घेता येतो, म आणि न डावीकडेच ठेवायचे.

माझ्याकडे सी-6 चे एक गृहस्थ होते, एका हाउसिंग सोसायटीचे हिशेब बघायचे. त्यांना आधी आम्ही एकाच हाताने शिकवत होतो, उजवा जरा जोरकस म्हणून. दोन ओळींत घामाने निथळायचे. दुसरी पेन्सिल बांधली त्या दिवशी पहिले दहा मिनिटं दोन्ही पेन्सिली एकमेकींवर आपटत होत्या. मी डाव्या निम्म्या बटणांवर हिरव्या टेपचे ठिपके लावले, डाव्या पेन्सिलीलाही हिरवी टेप गुंडाळली. मग त्यांनी सरावाचा परिच्छेद बाजूला सारला आणि सोसायटीच्या व्हाउचरची ओळ टाइप केली: ‘पाण्याची टाकी साफसफाई, रोख’. ‘साफसफाई’त फ दोनदा आणि ई एकदा, म्हणजे तीन शिफ्ट. चुकले, खोडलं, पुन्हा केलं. माझ्या घड्याळात त्या ओळीला चार मिनिटं लागली होती. तीन महिन्यांनी तशीच ओळ अर्ध्या मिनिटात व्हायची.

वेगाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. मराठी टायपिंगची पहिली सरकारी परीक्षा मिनिटाला 30 शब्दांची असते. पेन्सिलीने त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोचलेले लोक मी बऱ्यापैकी बघितलेत, पुढे गेलेले थोडे. पण पतपेढीच्या पत्रात नवे शब्द असतात किती? ‘आपल्या खात्यावरील थकबाकी’, ‘सदर रक्कम सात दिवसांत भरावी’, ‘कळावे, आपला विश्वासू’. वर्डमध्ये ‘ऑटोकरेक्ट’ आहे, चुका सुधारण्यापुरतंच वापरतात सगळे. त्यात ‘तब’ लिहून स्पेस दिली की अख्खं वाक्य उमटेल असं ठरवून ठेवता येतं. मिस्टरांना जुन्या पन्नास पत्रांतून नेहमीची तीसेक वाक्यं निवडू द्या, आणि त्यांची आखूड रूपं अशी ठरवा की शिफ्ट लागणार नाही. हे काम त्यांनीच करायला हवं. पतपेढीची भाषा त्यांना येते, तुम्हाला-मला नाही.

त्यांना आधीपासून इन्स्क्रिप्ट येत नसेल तर? रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड विंडोज 10 मध्ये 2019 पासून आहे. त्यात शिफ्ट जवळजवळ लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. बटणं मोजाल तर फार फरक पडत नाही. ‘मुंबई’ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून सहा दाब, रोमनमध्येही सहाच. फरक डोळ्यांना पडतो. रोमनमध्ये प्रत्येक शब्दाला सुचवलेल्या यादीकडे बघावं लागतं आणि आडनावं हमखास चुकतात. पतपेढीत आडनाव चुकलं तर पत्र परत येतं. म्हणून पहिला महिना फोनेटिकवर काम सुरू करा, सोबत रोज वीस मिनिटं इन्स्क्रिप्ट शिका, असं मी सांगेन. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला असेल तर मात्र तीच ठेवा. बोटांची सवय गेली तरी कुठलं अक्षर कुठे आहे हे डोक्यात पक्कं असतं, ते मोडू नये.

व्हाउचर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर तुमचं नशीब चांगलं, टॅली माउसशिवाय चालतं. पेमेंटला एफ-5, पावतीला एफ-6, जर्नलला एफ-7, सेव्ह करायला कंट्रोल आणि ए. स्टिकी कीज चालू असली की कंट्रोल, मग ए, एकापाठोपाठ. अडचण येईल ती लॅपटॉपच्या ‘एफएन’ बटणाची. काही लॅपटॉपवर एफ-5 दाबलं की आवाज नाहीतर प्रकाश कमी-जास्त होतो, खऱ्या एफ-5 साठी एफएन धरून ठेवावं लागतं, आणि एफएनला स्टिकी कीज लागू होत नाही. बाहेरचा साधा कीबोर्ड लावला की हा प्रश्नच उरत नाही.

बोलून टाइप करणं? हो, जरूर, पण त्याच्याच भरवशावर नाही. गूगलने 2017 मध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय आणली, आणि क्रोममधल्या गूगल डॉक्समध्ये ती चांगली चालते. लांब पत्राचा मसुदा बोलून घ्या, विरामचिन्हं आणि दुरुस्त्या पेन्सिलीने करा. खाते क्रमांक आणि रकमा मात्र कधीही बोलून नाहीत. एक तर चुकतात, आणि दुसरं म्हणजे दहा बाय पंधराच्या खोलीत कुणाची किती थकबाकी आहे हे मोठ्याने बोलणं बरोबर नाही, भिंतीपलीकडे तोच सभासद राहत असू शकतो. शिवाय मानेच्या दुखापतीत श्वास उथळ होतो, अर्धा तास सलग बोललं की आवाज बसतो. कुकरची शिट्टी आणि टीव्ही आहेतच.

मोबाइलवर पवईच्या आयआयटीत तयार झालेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड बघण्यासारखा आहे. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याच्या बाराखडीचं चक्र उमटतं, हव्या त्या दिशेला सरकवून सोडायचं. एका बोटाने मराठी लिहिणाऱ्याला ही कल्पना फार छान आहे. थरथरत्या हाताला ते सरकवणं जड जातं. तुमच्याकडे आणखी एक अडचण येईल. पेन्सिलीचं रबर मोबाइलच्या पडद्यावर चालत नाही, त्याला टचस्क्रीनची स्टायलस लागते. साध्या स्टायलसचा धातूचा भाग कातडीला टेकलेला असावा लागतो, कापडी पट्ट्यात अडकवली की ती मुकी होते. स्टायलसला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळून तिचं दुसरं टोक तळहाताला टेकवून पट्टा बांधा, चालू लागेल.

तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांत वेगळ्या त्रासाचे लोकही असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. लोकलच्या अपघातात एक हात गेलेल्यांना विंडोजमध्येच फक्त डाव्या आणि फक्त उजव्या हातासाठीची ‘ड्वोराक’ नावाची अक्षरांची मांडणी फुकट मिळते, पण ती इंग्रजीपुरती. साध्या कीबोर्डावर एक हात एफ, जी, एच, जे या चार बटणांवर ठेवून शिकणं मला अधिक व्यवहारी वाटतं. हात कीबोर्डाच्या मधोमध राहतो आणि कुठल्याही ऑफिसच्या कीबोर्डावर काम करता येतं. अशांनी चांगल्या हाताला जपावं, तो आता दोघांचं काम करतोय. हात झटकन भलतीकडे जात असेल तर ‘कीगार्ड’ करून घ्या. बटणांच्या जागी भोकं असलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी, हात तिच्यावर टेकवायचा आणि भोकातून बटण दाबायचं. नेमप्लेट बनवणारे लेझरने कापून देतात, कीबोर्ड सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा. हात अजिबातच चालत नसतील तर पडद्यावरचा कीबोर्ड आहे, डोक्याच्या हालचालीने, एकाच स्विचने किंवा डोळ्यांच्या नजरेने चालणारा. विंडोजमध्ये नजरेची सोय 2017 पासून आहे, वेगळा कॅमेरा घ्यावा लागतो.

मुंबईत दाखवायचं कुठे? परळच्या केईएममध्ये 1950 साली कमला निंबकर यांनी देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं प्रशिक्षण सुरू केलं, तिथला विभाग आजही चालू आहे. हाजी अलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, 1955 पासूनची. तुम्हाला भांडुपहून सायन जवळ पडेल, तिथल्या पालिका रुग्णालयातही ऑक्युपेशनल थेरपी आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या पालकांनी वांद्र्याच्या ‘अ‍ॅडॅप्ट’मध्ये जावं, ती 1972 साली मिठू अलूर यांनी सुरू केलेली स्पास्टिक्स सोसायटी. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी आपलं सबंध आत्मचरित्र एका बोटाने टाइप केलंय. वेग कमी आहे म्हणून काम होणार नाही असं कुणी म्हणालं की मी हेच सांगते.

सेक्रेटरींशी बोलतानाही थोडी तयारी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. पतपेढी सरकारी नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करणं त्याच कायद्याने प्रत्येक आस्थापनेला सांगितलंय. भांडायला जाऊ नका, ते काम द्यायला तयार आहेत. फक्त पहिले तीन महिने रोजच्या व्हाउचरची संख्या ठरवून घेऊ नका, असं सांगा. आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढून घ्या.

टाइप करताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला तर काम तिथेच थांबवा, त्यांना ताठ बसवा आणि लघवीची नळी दुमडली आहे का ते आधी बघा. या पातळीच्या दुखापतीत रक्तदाब असा एकदम चढतो. नळी मोकळी करूनही उतरला नाही तर थेट रुग्णालय. दर अर्ध्या तासाला वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घ्यायचं, कामाच्या नादात हे हमखास विसरतं, म्हणून मोबाइलवर गजर लावा.

या आठवड्यात एवढंच करा: चौकटीचा कागद, दोन पट्टे, दोन पेन्सिली, स्टिकी कीज. मग तिघा-चौघा शेजाऱ्यांच्या गर्दीत नाही, फक्त तुम्ही दोघं असताना, त्यांना त्यांच्या आवडीची ओळ टाइप करू द्या आणि मोबाइलवर शूट करा, एकदा समोरून, एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या. थेरपिस्टकडे जाताना तो व्हिडिओ सोबत न्या. भाच्याला सांगा, कीबोर्डाचे पैसे राहू देत. टेबल व्हीलचेअरच्या हातांवर अडकत असेल तर सुताराकडून मधोमध अर्धगोल कापून घ्यायला त्यातले थोडे लागतील.